स्प्रिंग सुटते कुठून? जुन्या एमजीबीच्या पुढच्या स्प्रिंगा काढण्याविषयी



आजचा विषय वाचून दोघातिघांनी आयोजकांना विचारलं म्हणे, की सरांच्या नावापुढे दुसऱ्याच कुणाचा विषय छापला गेला का. तसं झालेलं नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोटारीच्या स्प्रिंगवर बोलणार आहे, आणि तेही पूर्ण शुद्धीत. (हशा)

कारण सांगतो. गेल्या वेळी आपण 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांतल्या फरकाबद्दल बोललो. ते भाषण ऐकून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी प्रश्न पाठवला. त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने एक जुनी एमजीबी घेतली आहे. गाडी पुढून एका बाजूला बसलेली दिसते. स्प्रिंगा बदलायच्या आहेत, आणि घरच्याच गॅरेजात, स्वतःच्या हातांनी. त्यांचं म्हणणं असं, की सगळे 'जपून हो, जपून हो' म्हणतात, पण नेमकं कशापासून जपायचं ते कोणी सांगत नाही. मला हा प्रश्न फार आवडला. कारण 'जपून' हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. धोका कुठे साठलेला आहे आणि तो कुठल्या वाटेने बाहेर पडेल हे कळल्याशिवाय माणूस नुसता घाबरतो, आणि घाबरलेला माणूस नको त्या ठिकाणी जपतो.

या गाडीशी माझी थोडी ओळख आहे, एवढं सांगून ठेवतो. संशोधनासाठी मी तिकडे होतो तेव्हा माझ्या घरमालकांकडे एक एमजीबी होती, आणि रविवारी त्यांना पाने हातात द्यायचं काम माझ्याकडे असे. त्याच गल्लीतल्या एका छोट्या गॅरेजात एक वयस्कर कारागीर होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. का, ते मी विचारलं नाही, घरमालकांनी सांगितलं. तेव्हा हा विषय माझ्यासाठी केवळ पुस्तकी नाही.

आता गाडीकडे येऊ. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला तयार झाली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, म्हणून आजही त्या मोठ्या संख्येने रस्त्यावर दिसतात आणि सुटे भाग मिळतात. तिच्या पुढच्या चाकांची मांडणी मात्र गाडीपेक्षा जुनी आहे. १९४७च्या वाय टाइप या एमजी गाडीपासून ती चालत आली. तिच्या आखणीत, पुढे 'मिनी'मुळे जगप्रसिद्ध झालेले अ‍ॅलेक इसिगोनिस यांचा हात होता. तीच मांडणी पुढे टीडी, मग एमजीए आणि शेवटी एमजीबी असा प्रवास करत आली. म्हणजे आज मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने त्या सगळ्या घराण्याला लागू आहे.

मांडणी डोळ्यांसमोर आणा. घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. गाडीच्या पुढच्या भागात, इंजिनाच्या खाली, एक भक्कम आडवी तुळई आहे. तिला क्रॉसमेंबर म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना खालून उघडी अशी एकेक उलटी वाटी आहे. स्प्रिंगचं वरचं टोक त्या वाटीत बसतं. स्प्रिंगचं खालचं टोक एका लोखंडी ताटलीत बसतं. तिला स्प्रिंग पॅन म्हणतात. ही ताटली दोन हातांच्या मध्ये बोल्टांनी पक्की केलेली असते. ते दोन हात आतल्या बाजूला तुळईला बिजागरीसारखे जोडलेले आणि बाहेरच्या बाजूला एकत्र आलेले असतात. कोंबडीच्या छातीत इंग्रजी व्ही आकाराचं हाड असतं, त्यावरून या जोडीला विशबोन म्हणतात. बाहेरच्या टोकाला एक उभी दांडी आहे, किंगपिन. तिच्यावर चाकाचा हब बसतो. किंगपिनचं खालचं टोक खालच्या हाताला आणि वरचं टोक वरच्या हाताला.

आणि हा वरचा हात म्हणजे काय आहे? इथेच गंमत आहे, आणि इथेच बोटं जातात. वरचा हात म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे.

आपल्याकडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हटलं की डोळ्यांसमोर मोटारसायकलची नळी येते. एमजीबीच्या पुढच्या बाजूला तशी नळी नाही. तुळईच्या वर चार बोल्टांनी बसवलेला एक लोखंडी डबा आहे, त्यात तेल आहे, आणि डब्यातून बाहेर दोन हात आले आहेत. चाक वरखाली झालं की हे हात हलतात, आतलं तेल बारीक वाटेने ढकललं जातं आणि हेलकावा मरतो. पण तेच हात किंगपिनचं वरचं टोक धरूनही ठेवतात. म्हणजे एक वस्तू, दोन कामं. नाव मात्र एकाच कामावरून पडलेलं.

आता नावावर विश्वास ठेवणारा माणूस काय करेल पाहा. बहुतेक गाड्यांत शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलणं हे स्प्रिंगला हात न लावता करायचं काम असतं. नळी खालून-वरून सोडली, नवी बसवली, संपलं. हा अनुभव घेऊन तो एमजीबीकडे येतो. गाडी जॅकवर चढवतो, चाक काढतो, आणि वरचे चार बोल्ट सोडायला लागतो. त्याच्या लेखी तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढतो आहे. वस्तुतः तो स्प्रिंगला अडवून धरणारा शेवटचा दुवा काढतो आहे. शेवटचे आटे सुटले की डबा वर उसळतो, खालचा हात धाडकन खाली जातो आणि स्प्रिंग बाहेर येते. ती ज्या दिशेने येते त्या दिशेला साधारणपणे माणूस बसलेला असतो, कारण कामासाठी बसायची जागा तीच आहे.

म्हणून एमजीबीवाल्यांना माझं पहिलं सांगणं स्प्रिंगविषयी नाहीच. खालच्या हाताला भक्कम आधार असल्याशिवाय त्या चार बोल्टांना हात लावू नका. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायचा असला तरी ते स्प्रिंगचंच काम समजा.

दुसरा गैरसमज याहून साधा आणि याहून पसरलेला आहे. 'गाडी उचलली, चाक लोंबायला लागलं, म्हणजे स्प्रिंगवरचं वजन गेलं, म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली.' हे अनुमान किती सहज पटतं! सोफ्यावरून माणूस उठला की सोफ्याची स्प्रिंग मोकळी होते, तसंच हे, असं वाटतं. न्यायशास्त्रात अशा अनुमानातल्या लपलेल्या अटीला 'उपाधी' म्हणतात. आग आहे तिथे धूर असतोच असं नाही. ओलं लाकूड ही मधली अट आहे. इथेही तसंच आहे. वजन काढल्यावर स्प्रिंग मोकळी होते, पण कधी? तिला पसरायला जागा असेल तेव्हा. एमजीबीत ती जागा नाही. चाक काही अंतर खाली आलं की वरचा हात आपल्या रबरी थांब्यावर टेकतो आणि थांबतो. स्प्रिंगला अजून पसरायचं असतं. तिला पसरू देत नाही तो हा थांबा, आणि थांब्यापर्यंतची सगळी साखळी: वरचा हात, किंगपिन, खालचा हात, ताटली. या साखळीतली कुठलीही एक कडी सोडा, स्प्रिंग तिथून सुटते.

आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. उघड्या टपाच्या एमजीबीची पुढची स्प्रिंग मोकळी असताना सुमारे १० इंच लांब असते. गाडी चार चाकांवर उभी असताना ती सुमारे ७ इंचांवर दबलेली असते. एक इंच दाबायला सुमारे ३५० पौंड लागतात. म्हणजे तीन इंचांना हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण ४७० किलो. जीटी नावाच्या, बंद टपाच्या गाडीची स्प्रिंग याहून कडक असते.

आता कोणी हुशार श्रोता म्हणेल, सर, ही गाडीच मुळी ९०० ते १००० किलोंची. एका चाकावर सव्वादोनशे-अडीचशे किलो येतील. मग एका स्प्रिंगवर ४७० किलो कुठून आले? प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर तरफेचं आहे. चाक हाताच्या टोकाला आहे आणि स्प्रिंग हाताच्या साधारण मध्यावर. अर्ध्या अंतरावर बसलेल्याला दुप्पट सोसावं लागतं. हे लक्षात ठेवा, कारण हीच तरफ थोड्या वेळाने आपल्या बाजूने कामाला येणार आहे.

या स्प्रिंगमध्ये साठलेलं काम किती? बळ शून्यापासून हजार पौंडांपर्यंत सरळ वाढत जातं, म्हणून सरासरी पाचशे पौंड घ्या आणि तीन इंचांनी गुणा. मेट्रिकमध्ये सुमारे १७० ज्यूल होतात. म्हणजे एक किलोचं वजन १७ मीटरांवरून, म्हणजे पाच-सहा मजल्यांवरून, खाली टाकल्यावर जेवढं लागेल तेवढं. समजा चाक लोंबत असताना स्प्रिंग अर्धीच, दीड इंच, दबलेली उरली. तर ऊर्जा अर्धी होत नाही, चौथा हिस्सा होते. ही बातमी चांगली आहे. पण चौथा हिस्सा म्हणजे तेच एक किलोचं वजन चार मीटरांवरून हातावर. आणि बळ? तेव्हाही सव्वादोनशे किलो. तेवढ्याला बोट पुरत नाही.

जितका ताण तितकं बळ, हा नियम रॉबर्ट हुकचा. १६७६ साली त्याने तो अक्षरं उलटसुलट करून, कोड्याच्या रूपात छापला, आणि १६७८ साली उलगडून सांगितला. दुसऱ्या कोणी आपला शोध पळवू नये, म्हणून. पदोन्नतीच्या अर्जांच्या काळात आयुष्य काढलेल्या आम्हा मंडळींना हे समजायला जड जात नाही.

पण मला एका वेगळ्याच गोष्टीचं कौतुक वाटतं. आपण मराठीत इलॅस्टिसिटीला 'स्थितिस्थापकता' म्हणतो. शाळेत हा शब्द पाठ करताना मुलं कंटाळतात. हा शब्द कुठल्या समितीने नव्याने घडवलेला नाही; तो वैशेषिक दर्शनातला आहे. तिथे 'संस्कार' नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे फेकलेल्या बाणात राहिलेली गती. भावना म्हणजे अनुभवाने मनात राहिलेला ठसा, ज्यामुळे आठवण येते. आणि स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेल्या वस्तूला पुन्हा मूळ स्थितीत नेणारा गुण. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात त्याला उदाहरण चटईसारख्या वस्तूचं आहे: गुंडाळी केलेली चटई उलगडून ठेवली तरी पुन्हा गुंडाळली जाते, तसं. तिन्हींना एकाच नावाखाली का घातलं असेल? कारण तिन्ही ठिकाणी पूर्वी घडून गेलेली गोष्ट वस्तूत राहून गेली आहे आणि पुढे काहीतरी घडवणार आहे, पण या क्षणी दिसत काहीच नाही. दबलेल्या स्प्रिंगकडे बघा. ती स्तब्ध असते. तापत नाही, थरथरत नाही, आवाज करत नाही. पन्नास वर्षांपूर्वी अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात कोणीतरी ती दाबून बसवली, तो दाब अजून तिच्यात आहे.

तिकडे १८५३ साली रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने 'पोटेन्शियल एनर्जी' हा शब्द रूढ केला, तेव्हा त्यामागे अ‍ॅरिस्टॉटलची शक्यता आणि प्रत्यक्षता ही जोडी होतीच. असो. हा माझा प्रांत आहे, इथे मला सोडलं तर गाडी राहील बाजूला.

आता काम. मी क्रमाने सांगतो, पण प्रत्येक पायरीला 'कशासाठी' विचारत चला.

जमीन पक्की आणि सपाट हवी; काँक्रीट चांगलं, माती किंवा फरशीचे उंचसखल तुकडे नकोत. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या, हँडब्रेक ओढलेला. पुढचा भाग उचलून दोन घोड्यांवर ठेवायचा. घोडी म्हणजे आपल्या गॅरेजात म्हणतात ती, अ‍ॅक्सल स्टँड. घोड्या गाडीच्या अंगाखालच्या लांब भक्कम पट्ट्यांखाली हव्यात. खालच्या हाताखाली किंवा ताटलीखाली नकोत, कारण तोच भाग आपल्याला खाली सोडायचा आहे. विटा, लाकडाचे ओंडके, नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी कुठे ना कुठे माणसं यानेच मरतात. घोड्यांवर ठेवल्यावर गाडीला बाजूने दोन्ही हातांनी हलवून बघा. हलायची असेल तर आता हलू दे.

चाक काढा. ब्रेकचा कॅलिपर दोन बोल्टांवर असतो. तो सोडून तारेने वर बॉडीला टांगा. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचं वजन येऊ देऊ नका. पुढे हब खाली जाणार आहे, आणि कॅलिपर तसाच राहिला तर नळी ताणली जाईल. ती आतून फाटली तर बाहेरून कळतही नाही. स्टिअरिंगच्या दांडीचा बॉल जॉइंट त्याच्या ओढणीने सोडवा. दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार असेल तर त्याचा दुवा सोडवा, नाहीतर आपण एका बाजूला काम करताना दुसरी बाजू त्यात लुडबुड करते. गंजलेल्या नटांवर तेल आदल्या दिवशी, जमलं तर दोन दिवस आधी, सोडून ठेवलेलं असावं. गॅसची ज्योत स्प्रिंगजवळ आणायची नाही. तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, आणि मग ती स्प्रिंग स्प्रिंग राहत नाही.

एक साखळी घ्या. स्प्रिंगच्या एका वेढ्यातून आणि तुळईभोवतून ती ओवून कुलूपवाल्या कडीने अडकवा, थोडी सैल. हिचा रोजच्या कामात काहीच उपयोग होत नाही. ती फक्त त्या एका दिवसासाठी आहे.

आता ट्रॉली जॅक. चाकांचाच हवा, कारण पुढे कळेल. तो ताटलीच्या बाहेरच्या कडेखाली, जितका बाहेर नीट बसेल तितका बाहेर, त्याची वाटी भक्कम टेकेल असा लावा. इथे आपली तरफ कामाला येते. स्प्रिंग मध्यावर सव्वादोनशे किलोंनी दाबते आहे, पण टोकाजवळ जॅकला त्याच्या साधारण निम्मंच पेलावं लागतं. हळूहळू वर घ्या आणि लक्ष वरच्या हाताकडे ठेवा. तो आपल्या रबरी थांब्यापासून किंचित उठला, कागद जाईल इतकी फट पडली, की थांबा. याचा अर्थ, आतापर्यंत स्प्रिंगला थांब्याने धरलं होतं, आता जॅकने धरलं आहे. जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. तो क्षण डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही नट सोडायचा नाही.

त्याहून जास्त वर घेऊ नका. जॅक स्प्रिंगला वर दाबतो म्हणजे स्प्रिंगमार्फत गाडीलाही वर दाबतो. जास्त घेतलं तर गाडी घोडीवरून उचलली जाते. आणि हौशी लोकांच्या बाबतीत हे नेमकं कधी होतं? इंजिन बाहेर काढलेलं असताना. गाडी रंगवायला घेतली आहे, इंजिन कोपऱ्यात आहे, आणि 'हाताशी आहे तर स्प्रिंगही बदलू' असा विचार येतो. पण जॅकच्या विरुद्ध पारड्यात बसणारं वजन इंजिनाचंच होतं. ते गेलं की स्प्रिंग दबायच्या ऐवजी गाडीच वर येते. इंजिन नसेल तर ही पद्धत वापरूच नका, दुसरी सांगतो.

फट दिसली. आता किंगपिनच्या वरच्या टोकाचा आडवा बोल्ट. त्याच्या नटातली स्प्लिट पिन काढा, नट काढा. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दोन हातांना आवळणारा मधला बोल्ट सैल केला की हात थोडे फाकतात आणि आडवा बोल्ट निघायला मदत होते. तो अडला असेल तर हातोड्याने अंदाधुंद ठोकण्याआधी जॅक अर्धा इंच वर-खाली करून बघा. बोल्ट जाम झाला असं वाटतं ते बरेचदा त्याच्यावर बाजूने ताण असतो म्हणून. ताण निघाला की तो हाताने सरकतो. ही खूण फार उपयोगाची आहे: सहज निघणारा बोल्ट सांगतो की जॅकची उंची बरोबर आहे.

बोल्ट निघाला की वरची बाजू सुटली. हब बाहेर कलू लागेल, त्याला एका हाताने आधार द्या किंवा सैल तारेने धरा. आता जॅकचा पाना अगदी थोडा, हळू फिरवा. खालचा हात खाली येऊ लागेल. तो सरळ खाली येत नाही, आतल्या बिजागरीभोवती वर्तुळाच्या कडेने येतो. म्हणजे त्याचं टोक खाली येता येता आत सरकतं, आणि त्याच्याबरोबर जॅकलाही आत सरकता आलं पाहिजे. म्हणून चाकांचा जॅक आणि म्हणून गुळगुळीत जमीन. जॅकची चाकं खड्यात अडकली तर वाटी ताटलीवरून घसरते, आणि मग आपण केलेलं सगळं वाया. दर इंचाला थांबून बघा.

या वेळी तुम्ही कुठे बसला आहात? चाकाच्या जागी समोर बसायचं नाही. गाडीच्या पुढच्या कोपऱ्याकडून, बाजूला राहून जॅकचा दांडा चालवायचा. ताटलीत स्प्रिंग तिरकी झाली म्हणून ती हाताने सरळ करायला जायचं नाही. वेढ्यांच्या मध्ये बोट, कधीही नाही. स्प्रिंग पूर्ण पसरली की ती ढिली होते. पहारीच्या टोकाने खालून हलवली की डुलते. डुलली, म्हणजे तिच्यातलं सगळं संपलं. मग साखळी काढा आणि मग हात लावा.

दुसरी पद्धत, इंजिन नसलेल्यांसाठी. ताटली दोन हातांना चार बोल्टांनी जोडलेली असते. खालच्या हाताला आधार ठेवून त्यातले समोरासमोरचे, तिरके दोन बोल्ट काढायचे आणि त्यांच्या जागी पाच-सहा इंच लांबीचे, पूर्ण आटे असलेले बोल्ट घालून नट आवळायचे. मग उरलेले दोन काढायचे. नंतर दोन्ही लांब बोल्टांचे नट आळीपाळीने, दोन-दोन फेरे, सोडत जायचे. ताटली समतल खाली येते आणि तिच्याबरोबर स्प्रिंग. वेळ लागतो, पण यात गाडीच्या वजनाचा संबंधच उरत नाही. मात्र हे बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या आट्याच्या सळईचे नकोत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा शिक्का बघा. त्यातला पहिला आकडा शंभरपट केला की ताणशक्ती कळते, ८०० मेगापास्कल. साधी सळई त्याच्या निम्मीच भरते. आट्यांना ग्रीस लावा.

आणि बाजारात दोन आकड्यांचे जे स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळतात त्यांचं काय? मला ते या कामासाठी आवडत नाहीत. स्प्रिंग वाटीत खोल बसलेली, आकड्यांना जागा नाही, आणि वेढा तिरका असल्याने दाब वाढला की आकडा त्यावरून फिरत जातो. शिवाय काढलेली स्प्रिंग दबलेल्याच अवस्थेत हातात येते, ही त्यातली वाईट गोष्ट. मोकळी स्प्रिंग लोखंडाचा तुकडा आहे.

काही गाड्यांत त्याला इलाज नसतो. त्याच काळातली ट्रायम्फ स्पिटफायर घ्या. तिथे शॉक अ‍ॅब्सॉर्बरची नळी आणि तिच्याभोवती स्प्रिंग असा एकच जोड आहे. तो गाडीतून बिनधोक निघतो, आणि माणूस निर्धास्त होतो. धोका नंतर टेबलावर येतो, वरचा नट सोडताना. तिथे कॉम्प्रेसर लागतोच. जग्वार ई-टाइपला तर पुढे वेटोळी स्प्रिंगच नाही, पिळलेल्या सळया आहेत. आपली अ‍ॅम्बॅसडरही तशीच, टॉर्शन बारवाली. आणि पूर्वी कुर्ल्याला बनत असलेल्या प्रीमियर पद्मिनीला, मूळच्या फियाट ११००ला, पुढे दोन विशबोन आणि स्प्रिंग. मुंबईतल्या टॅक्सीच्या मिस्त्र्यांनी फूटपाथवर बसून अशा स्प्रिंगा काढल्या. त्यांच्यातल्या जाणत्यांना विचारा, ते 'स्प्रिंग काढतो' म्हणत नाहीत, 'उतरवतो' म्हणतात. शब्द मला फार नेमका वाटतो.

आता प्रश्न पाठवणाऱ्या गृहस्थांसाठी थोडं. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या करा आणि मोजा. लांबी सारखी असेल तर गाडी बसली ती स्प्रिंगमुळे नाही. मग बुश, ताटलीचा गंज, किंवा जुन्या अपघातात वाकलेलं अंग, यांपैकी काहीतरी. बदलायच्या तर जोडीने बदला. तुळईतली वाटी आणि ताटली दोन्ही घासून गंज बघा. तारेच्या ब्रशने पापुद्रे सुटत असतील तर ती ताटली पुन्हा वापरू नका. बसवताना क्रम उलटा, आणि इथे ताण कमी होत नाही, वाढत जातो. काढताना आपण दर पायरीला अधिक सुरक्षित होत होतो, बसवताना दर पायरीला कमी. दुपार उलटून गेली असेल, अंग दमलं असेल, तर बसवायचं काम दुसऱ्या दिवशी ठेवा. घोड्यांवर गाडी रात्रभर आरामात राहते.

खालच्या हातांच्या आतल्या बिजागरीतले रबरी बुश सैल केले असतील, तर त्यांचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, दोनदा दाबून हलवल्यावर. चाक लोंबत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. स्प्लिट पिन नव्या घाला. कॅलिपरचे बोल्ट आवळले का ते दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. आणि पहिल्या दिवशी गाडी पुढून जरा उंच दिसली तर लगेच काळजी करू नका. नवी स्प्रिंग काही आठवड्यांत थोडी बसते. उंची त्यानंतर मोजा, आणि चाकांचं अलाइनमेंटही तेव्हाच करून घ्या.